टेरिपॅराटाइडची रोजची सुई सुरू करताना: नागपूरकरांसाठी पायरीपायरीने

वाकून बादली उचलली आणि मणका दबला, किंवा घरातल्या घरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, की डॉक्टर कधी कधी ‘हाड बनवणारं इंजेक्शन’ लिहून देतात. चिठ्ठीवर नाव असतं टेरिपॅराटाइड: रोज २० मायक्रोग्रॅम, त्वचेखाली, दीड ते दोन वर्षं. औषध महाग आहे, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, रोज टोचावं लागतं आणि आयुष्यात साधारण २४ महिनेच घेता येतं. म्हणून ते घाईने सुरू करू नये आणि सुरू केल्यावर त्यात ढिलाईही नको. घरोघरी गोंधळ होतो तो टोचण्यात नाही. आधीच्या तपासण्या, औषध थंड ठेवणं आणि कोर्स संपल्यावर पुढे काय, या तीन ठिकाणी होतो. त्यामुळे इथे जास्त जागा त्या तिघांनाच दिली आहे. औषध घ्यायचं की नाही, कधी थांबवायचं, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

१. चिठ्ठीवर नेमकं कोणतं इंजेक्शन आहे ते वाचा

‘हाडांचं इंजेक्शन’ म्हटलं की त्यात चार वेगळी औषधं येतात. झोलेड्रॉनिक ॲसिड सलाइनमधून वर्षातून एकदा ५ मिग्रॅ देतात. डेनोसुमॅब ६० मिग्रॅ, दर सहा महिन्यांनी. ही दोन्ही हाडाची झीज रोखतात. नवं हाड घडवणारी औषधं म्हणजे टेरिपॅराटाइड आणि रोमोसोझुमॅब. रोमोसोझुमॅब महिन्यातून एकदा, दोन सुयांत मिळून २१० मिग्रॅ, असं १२ महिने देतात. मागच्या वर्षभरात हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेल्यांना ते देत नाहीत. पुढचं सगळं टेरिपॅराटाइडबद्दल आहे.

गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हार्मोनमध्ये ८४ अमिनो ॲसिडं असतात. त्यातल्या पहिल्या ३४ ची साखळी म्हणजे टेरिपॅराटाइड. हेच हार्मोन रक्तात सतत चढलेलं राहिलं तर हाड पोखरतं. दिवसातून एकदा थोड्या वेळासाठी चढून उतरलं तर हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. सुई रोजच का घ्यायची आणि एका दिवशी दोन का घ्यायच्या नाहीत, याचं कारण हेच. मणका आधीच दबलेल्या १,६३७ स्त्रियांवरचा मोठा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांमध्ये नवे मणके दबण्याचं प्रमाण ६५ टक्क्यांनी कमी होतं.

२. गरज पक्की करा: डेक्सा आणि मणक्याचा एक्स-रे

डेक्सा म्हणजे हाडाची घनता मोजणारी तपासणी; तिच्यातला टी-स्कोअर तुमच्या हाडाची तुलना निरोगी तरुण हाडाशी करतो. तो उणे २.५ किंवा त्याखाली असेल आणि किरकोळ धक्क्याने हाड मोडलेलं असेल, तर त्याला तीव्र ऑस्टिओपोरोसिस (हाडांचा ठिसूळपणा) म्हणतात. टेरिपॅराटाइड प्रामुख्याने अशांसाठी आहे. शिवाय बराच काळ स्टिरॉइड घेणारे आणि आधीच्या गोळ्या चालू असतानाही ज्यांचं हाड मोडलं, असे रुग्णही त्यात येतात.

शिबिरात टाचेवर यंत्र लावून जो आकडा देतात तो डेक्सा नव्हे. त्या आकड्यावर दोन वर्षांचं इंजेक्शन सुरू करू नका. डेक्सा कंबर आणि खुबा अशा दोन्ही जागांचा करून घ्या. वयस्कर माणसाच्या कंबरेचा आकडा फसवा असू शकतो, कारण दबलेला मणका आणि सांधेझिजेने वाढलेलं हाड यंत्राला ‘दाट’ दिसतं. म्हणून पाठ आणि कंबरेचा बाजूने काढलेला एक्स-रे सोबत हवाच. दबलेले कित्येक मणके दुखत नाहीत आणि एक्स-रेवरच सापडतात. डेक्सा कोणत्या सेंटरला, कोणत्या यंत्रावर झाला ते फाइलवर लिहून ठेवा. वर्षा-दीड वर्षाने पुन्हा करायचा तो तिथेच, नाहीतर दोन आकड्यांची तुलना होत नाही.

दाखवायचं कुठे? मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे अस्थिरोगाची ओपीडी आहे. मेडिकलशी जोडलेल्या सुपर स्पेशालिटीत एंडोक्रिनॉलॉजी आहे. एम्सचा नंबर सरकारच्या ओआरएस या ऑनलाइन नोंदणीच्या पोर्टलवर घेता येतो. खाजगीत धंतोली-रामदासपेठ आहेच. हाड मोडलं तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञ हवेतच, पण ऑस्टिओपोरोसिसचं मूळ कारण शोधायला एकदा तरी एंडोक्रिनॉलॉजिस्ट किंवा संधिवाततज्ज्ञांना दाखवावं असं आमचं ठाम मत आहे. थायरॉइड, पॅराथायरॉइड, स्टिरॉइड, आतड्याचे आजार, यातलं काही मागे लपलेलं असेल तर नुसत्या सुईने भागत नाही.

३. पहिल्या सुईच्या आधीच्या तपासण्या

ही पायरी गाळू नका. दुकानदार ‘घेऊन टाका, चालतं’ म्हणाला तरी नाही.

कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, पॅराथायरॉइड हार्मोन, टीएसएच, सीबीसी, ईएसआर या नेहमीच्या तपासण्या. सोबत सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोगही मणके असेच दाबतो, म्हणून ही शेवटची तपासणी महत्त्वाची. मायलोमात हे औषध देत नाहीत.

अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं आलं तर थांबा. आपल्याकडे त्याचं सर्वांत नेहमीचं कारण व्हिटॅमिन डीची मोठी कमतरता आणि त्यातून मऊ पडलेलं हाड, म्हणजे ऑस्टिओमलेशिया. तो दुखण्यात आणि डेक्सात ऑस्टिओपोरोसिससारखाच दिसतो, पण त्याचा उपचार व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम, टेरिपॅराटाइड नव्हे. विदर्भात आणखी एक कारण डोक्यात ठेवावं लागतं. चंद्रपूर, यवतमाळ आणि आसपासच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी प्यायलेल्यांचं हाड डेक्सावर दाट दिसतं, असतं मात्र ठिसूळ. रुग्ण कोणत्या गावी वाढला आणि कोणतं पाणी प्याला, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

व्हिटॅमिन डी कमी निघालं तर ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे देतात. इथे नेहमीची गफलत होते. एका डॉक्टरांची पुडी चालू असते, दुसऱ्यांनी ६ लाख युनिटचं इंजेक्शन दिलेलं असतं आणि आठ आठवडे संपले तरी पुडी कोणी बंद करत नाही. टेरिपॅराटाइड स्वतःच कॅल्शियम थोडं वर नेतं. त्यावर जास्तीचं व्हिटॅमिन डी पडलं की कॅल्शियम धोक्याच्या पातळीला जातं. पुडी कोणत्या तारखेला सुरू झाली आणि कधी संपेल, हे कॅलेंडरवर लिहा.

यातलं काही असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा: कर्करोगासाठी हाडांवरून गेलेलं रेडिएशन, हाडात पसरलेला कर्करोग, पॅजेटचा आजार, वाढलेलं कॅल्शियम, किडनीचा गंभीर आजार, अलीकडे झालेला मुतखडा, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर तेही, कारण कॅल्शियम वाढलं की डिगॉक्सिन विषारी ठरू शकतं.

इंटरनेटवर ‘या औषधाने हाडाचा कर्करोग होतो’ असं वाचून बरेच जण घाबरतात. ही भीती उंदरांवरच्या प्रयोगातून आली. त्यांना जन्मभर, फार मोठे डोस दिले होते. माणसांवरच्या अनेक वर्षांच्या पाहणीत तसं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्याबद्दलचा चौकटीतला इशारा काढून टाकला. वर दिलेल्या यादीतल्यांसाठी सावधगिरी मात्र कायम आहे.

आधीपासून डेनोसुमॅब चालू असेल तर ही बाब वेगळी काढून विचारा. डेनोसुमॅब थांबवून थेट टेरिपॅराटाइडवर आलं तर विशेषतः खुब्याचं हाड आणखी कमी होतं. या दोघांचा क्रम टेरिपॅराटाइड आधी, डेनोसुमॅब नंतर असा हवा.

४. फाइलमध्ये काय हवं

- चिठ्ठी: औषधाचं मूळ नाव, डोस आणि कालावधी लिहिलेली
- डेक्साचा आणि एक्स-रेचा रिपोर्ट, फिल्मसकट
- वरच्या रक्ततपासण्या
- हाड मोडल्याचे जुने कागद, शस्त्रक्रिया झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी
- आधार, आणि सीजीएचएस, रेल्वे किंवा वेकोलिचं वैद्यकीय कार्ड असेल तर ते

नागपुरात निवृत्त केंद्रीय कर्मचारी, रेल्वेवाले आणि वेकोलिवाले भरपूर आहेत. त्यांनी स्वतःच्या खिशातून पहिलं काट्रिज (पेनमध्ये बसवायची औषधाची नळी) घेण्याआधी आपल्या योजनेत विचारावं. सीजीएचएसमध्ये असं औषध इंडेंटवर, म्हणजे मागणी नोंदवून, मागवावं लागू शकतं, म्हणून संपण्याच्या निदान आठवडाभर आधी वेलनेस सेंटरला जा. साध्या मेडिक्लेममध्ये ओपीडीचं औषध सहसा बसत नाही. पण खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी भरती झाली असेल, तर डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा औषधखर्च बऱ्याच पॉलिसी देतात. ते बिल जपा. महात्मा फुले योजना मुख्यतः भरती आणि शस्त्रक्रियेसाठी आहे. रोजच्या सुईचा खर्च त्यातून निघेल असं धरून चालू नका.

५. औषध विकत घेणं आणि थंड ठेवणं

मूळ परदेशी पेन आणि भारतीय कंपन्यांची काट्रिजं यांच्या किमतीत मोठा फरक असतो. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘दोन वर्षं परवडेल असा ब्रँड कोणता?’ चार महिने महागडं घेऊन पैशांअभावी सोडून देण्यापेक्षा परवडणारं दीड-दोन वर्षं अखंड घेतलेलं कधीही बरं. काही कंपन्या पुन्हा पुन्हा वापरायचा पेन वेगळा पैसा न घेता देतात, तेही विचारा.

गंजीपेठेतल्या दवा बाजारातून घ्या की घराजवळच्या दुकानातून, पण औषध फ्रिजमधून तुमच्यासमोर काढलेलं हवं. बिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्या. २ ते ८ अंश हे तापमान खरेदीच्या क्षणापासून तुमची जबाबदारी. एप्रिल ते जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास असताना स्कूटरच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये औषध दहा मिनिटंही ठेवू नका. सकाळी लवकर जा. सोबत छोटा आइसबॉक्स किंवा रुंद तोंडाचा थर्मास न्या. त्यातला बर्फाचा पॅक टॉवेलात गुंडाळा, म्हणजे काट्रिज बर्फाला टेकणार नाही. काटोल, उमरेड, भंडाऱ्याकडे बसने परतायचं असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

टेरिपॅराटाइड गोठलं की वाया गेलं. वितळल्यावर ते पुन्हा स्वच्छ दिसतं, पण टोचायचं नाही. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालची पहिली जाळी आणि चिलर ट्रे इतकी गार होते की औषध गोठू शकतं. दारातल्या कप्प्यात उलट गरम होतं. मधली जाळी, मागच्या भिंतीपासून दूर, झाकणाच्या डब्यात, ही योग्य जागा. डब्यात छोटा थर्मामीटर ठेवला तर अंदाज बांधत बसावं लागत नाही. वीज गेली तर दार उघडू नका. आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या असल्या तर फ्रिज जास्त वेळ थंड राहतो.

पहिल्यांदा वापरलं त्या दिवसाची तारीख पट्टीवर लिहून पेनवर चिकटवा. बहुतेक ब्रँडमध्ये २८ दिवसांनी पेन किंवा काट्रिज टाकून द्यावं लागतं. ३ मिलीच्या काट्रिजमध्ये त्यानंतरही औषध उरलेलं दिसतं. जीव हळहळतो, पण ते वापरू नका.

६. सुई कशी घ्यायची

सामान थोडंच: पेन, ३१ गेज आणि ४ ते ६ मिमीच्या पेन-निडल (कोणती बसते ते पेनच्या पत्रकात पाहा), स्पिरिट स्वॅब आणि जाड प्लास्टिकची झाकणवाली बाटली.

हात धुवा. औषध पाण्यासारखं स्वच्छ आहे ना ते उजेडात पाहा. गढूळ असेल, कण दिसले किंवा रंग आला असेल तर वापरू नका. नवी निडल सरळ धरून फिरवून बसवा. काट्रिज नवीन असेल तर हवा काढण्याची क्रिया करा, पण पत्रकात सांगितली तेवढीच. प्रत्येक पेनची पद्धत वेगळी आहे, म्हणून पहिली सुई दवाखान्यात नर्ससमोर घ्या आणि घरच्या दोघांनी ती शिकून ठेवा.

जागा म्हणजे मांडीची पुढची-बाहेरची बाजू किंवा बेंबीपासून दोन बोटं दूर पोट. रोज जागा बदला. अंग बारीक असेल तर त्वचा चिमटीत धरा. स्पिरिट वाळू द्या. सुई सरळ आत घाला, बटण पूर्ण दाबा आणि दाबलेलंच ठेवून हळूहळू दहापर्यंत मोजा. लगेच बाहेर काढली तर थेंब निडलच्या टोकाला लटकलेला दिसतो, म्हणजे तेवढा डोस कमी गेला. एका डोसाचं आकारमान साधारण ०.०८ मिली असतं, त्यामुळे एक थेंबही मोठा असतो. जागा चोळू नका.

निडल लगेच काढा, बाटलीत टाका, पेन पुन्हा फ्रिजमध्ये. निडल लावून पेन ठेवला तर औषध गळतं आणि आत हवा शिरते. बाटली भरली की झाकण पट्टीने बंद करून दवाखान्यात द्या. महापालिकेच्या घंटागाडीत टाकलेली उघडी सुई कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागते.

दोन गोष्टी कधीच करू नका. टेरिपॅराटाइडचं काट्रिज घरातल्या इन्सुलिनच्या पेनमध्ये बसवू नका. आणि काट्रिजमधलं औषध इन्सुलिनच्या सिरिंजने ओढू नका. आपल्याकडे ४० आणि १०० युनिटच्या दोन्ही सिरिंज मिळतात, त्यात डोस अडीचपट चुकू शकतो.

७. वेळ कोणती आणि पहिले पंधरा दिवस

रोज एकच वेळ पाळा, जेवणाशी संबंध नाही. पहिल्या काही डोसांनंतर, सुईपासून चार तासांच्या आत, उभं राहताना रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. म्हणून सुरुवातीला सुई पलंगावर बसून घ्या आणि चक्कर वाटली तर लगेच आडवं व्हा. काही जण झोपतानाची वेळ सुचवतात. रात्री दोनदा लघवीला उठणाऱ्या आजींसाठी आम्ही ती निवडणार नाही. अंधारात, भोवळीत, ओल्या बाथरूमकडे जाण्यापेक्षा सकाळी घरात माणूस असताना घेतलेली बरी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून जुळवून घ्या. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर भोवळही वाढते आणि मुतखड्याचा धोकाही.

मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे, सांधे दुखणं, टोचल्या जागी लाली हे होऊ शकतं आणि बहुधा ओसरतं. उलट्या थांबत नाहीत, बद्धकोष्ठ, खूप तहान, सुस्ती, गोंधळल्यासारखं वाटणं ही कॅल्शियम वाढल्याची लक्षणं आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

एखाद्या दिवशी विसरलं तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दिवस उलटला तर सोडून द्या.

८. मधल्या तपासण्या आणि रोजचं खाणं

रक्तातलं कॅल्शियम सुईनंतर ४ ते ६ तासांनी सर्वांत वर असतं आणि १६ ते २४ तासांत जागेवर येतं. सुई घेऊन लॅबमध्ये गेलात तर रिपोर्ट उगाच वाढलेला येतो आणि औषध विनाकारण बंद होतं. नमुना सुईनंतर किमान १६ तासांनी द्या. सकाळी सुई घेणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी आधी लॅब, मग सुई असं करावं.

दोन-तीन महिन्यांत डॉक्टर पी१एनपी ही तपासणी सांगू शकतात. ती वाढलेली आली म्हणजे हाड बनायला लागलं आहे. डेक्सा इतक्या लवकर करून काही कळत नाही.

अन्न आणि गोळी मिळून दिवसाला १,००० ते १,२०० मिग्रॅ कॅल्शियम पुरतं. २०० मिली दुधात साधारण २४० मिग्रॅ असतं. नाचणी आणि तीळही चांगले. १,२५० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिग्रॅच असतं. ती जेवणासोबत घ्या. डाळ, अंडी, पनीर यांतून प्रथिनं हवीतच.

हाड बनायला महिने लागतात, पडायला क्षण पुरतो. बाथरूममध्ये दांडा बसवा, रात्रीचा दिवा चालू ठेवा, सैल सपाता काढून टाका. उन्हाळ्यात कूलरचं पाणी गळून फरशीवर येतं, त्याचा पाइप आणि वायर चालण्याच्या वाटेतून हटवा.

९. कोर्स संपण्याआधी पुढचं औषध ठरवा

शेवटची सुई झाली की कमावलेलं हाड महिन्यागणिक परत जायला लागतं. नवं हाड टिकवायला झीज रोखणारं औषध लागलीच सुरू व्हावं लागतं: झोलेड्रॉनिक ॲसिड, डेनोसुमॅब किंवा आठवड्यातून एकदा ७० मिग्रॅ ॲलेन्ड्रोनेट. ‘कोर्स पूर्ण झाला, आता आराम’ असं समजून वर्षभर काहीच न घेणारे बरेच असतात. दोन वर्षांचा पैसा आणि सोसलेल्या सुया अशा फुकट जातात.

शेवटचं काट्रिज सुरू करतानाच डॉक्टरांची वेळ घ्या. डेक्सा जुन्याच यंत्रावर, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी पुन्हा. झोलेड्रॉनिकसाठी क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३५ च्या वर आणि व्हिटॅमिन डी पुरेसं लागतं. सलाइननंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येते, पॅरासिटामॉलने उतरते. ॲलेन्ड्रोनेट सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्यासोबत घ्यायचं आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. डेनोसुमॅब निवडलं तर सहा महिन्यांची तारीख चुकवू नका आणि ते मनाने बंद करू नका. अचानक थांबवल्यावर एकापाठोपाठ मणके दबू शकतात.

या औषधांआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. खर्रा-तंबाखूने किडलेले, हलणारे दात आधी काढून जखम भरू द्यावी लागते, कारण ही औषधं चालू असताना दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका, क्वचित का होईना, असतो. जखम भरायला काही आठवडे जातात. म्हणून दाताचं काम शेवटच्या तीन महिन्यांतच उरकून घ्या, म्हणजे शेवटची सुई आणि पुढचं औषध यांत खंड पडणार नाही.